सायकल वारीला पहिल्यांदाच निघताय? मग आधी सायकलकडे बघू

जून जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "यंदा ग्रुपबरोबर पंढरपूरला सायकलवर जायचंय, कोणती सायकल घेऊ?" आणि खाली तीन लिंका, तिन्ही चाळीस हजाराच्या वरच्या. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, की बाबा आत्ताच काही घेऊ नकोस, घरात जी आहे ती आधी गॅलरीतून खाली काढ, तिच्यावरचे वाळत घातलेले टॉवेल काढ आणि मग बोलू.

हे जे खाली लिहितोय ते पुणे ते पंढरपूर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. नाशिकहून, मुंबईहून, नगरहून पण लोक जातात, आणि सायकलच्या बाबतीत फार फरक पडत नाही. पुण्याचा रूट म्हणजे सोलापूर रोड धरायचा, हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, आणि तिथे हायवे सोडून उजवीकडे वळलं की करकंबवरून पंढरपूर. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर धरून चाला, कुठून निघता त्यावर आहे. घाट असा नाही, चढउतार आहेत पण छातीवर येतील असे नाहीत, पंढरपूर तर पुण्यापेक्षा साधारण शंभर मीटर खालीच आहे. शिवाय जून-जुलैत वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जाताना पाठीवर. (परत सायकलवरच येणार असाल तर तोच वारा तोंडावर, हे आत्ताच ऐकून ठेवा.) काही ग्रुप एका दिवसात करतात, काही मध्ये मुक्काम टाकून दोन दिवसात, आणि पालख्यांची गर्दी नको म्हणून बरेच जण आषाढी एकादशीच्या आधीच जाऊन येतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एकटे फिरताना सायकल तुमची एकट्याची असते, बिघडली तर तुमचं नशीब. शे-दोनशे लोकांच्या राईडमध्ये तुमच्या मागे दोन फुटांवर कुणीतरी आहे आणि त्याच्या मागे अजून वीस जण. तिथे सायकल फास्ट असून उपयोग नाही, ती भरवशाची पाहिजे आणि मागच्याला तिचा अंदाज यायला पाहिजे. चेन पडली, ब्रेक एकदम जाम झाला, बाटली उडाली, की पडतो तो मागचा.

पायरी १ : आहे ती चालेल का? (दीड-दोन महिने आधी)

हायब्रिड असेल, म्हणजे सरळ हँडल, ७०० ची चाकं आणि ३२ ते ४० मिमीचे टायर, तर विषयच संपला, पहिल्या वारीला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. कंबर फार वाकत नाही, ब्रेक हाताशी असतात, खड्ड्यात गेली तरी टायर सांभाळून घेतो, कॅरियर आणि मडगार्ड लावायला भोकं पण बहुतेक मॉडेलला असतात.

एमटीबी, म्हणजे डोंगरवाटेची जाड टायरवाली असेल तर चालेल, फक्त टायर बदला. जाड गोट्यांचे टायर डांबरी रोडवर घरंगळत नाहीत, घोंघावतात, आणि दोनशे किलोमीटर तो आवाज ऐकत जाणं म्हणजे पैसे देऊन त्रास घेणं. त्याच रिमवर गुळगुळीत, जरा बारीक टायर मिळतात, २६ ला १.५ वगैरे, २७.५ आणि २९ ला पण मिळतात. टायरची जोडी नव्या सायकलच्या किमतीपुढे काहीच नाही आणि फरक पहिल्या दहा मिनिटात पायाला कळतो. पुढच्या सस्पेन्शनला लॉकआऊट (ते बंद करायचा खटका) असेल तर रोडवर लॉक करा, नाहीतर अर्धा जोर फोर्क दाबण्यातच जातो.

रोडबाईक असेल तर तुम्हाला हा लेख बहुधा लागणार नाही, पण जर ती कालपरवा घेतली असेल आणि ड्रॉप हँडलवरून ब्रेक दाबायची सवय अजून बसली नसेल तर गर्दीत नेऊ नका, आधी महिनाभर चालवा. टायर २५ चे असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ टाका.

सिंगल स्पीडवर पण लोक जातात, आरामात जातात. या रूटला चालून जाते. पुढे कुणाचं डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवतं ते) वाकलं की सिंगल स्पीडवाल्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं असतं.

जुनी काळी दांडीवाली? मला स्वतःला या सायकली फार आवडतात, पण एक गोष्ट आहे. त्यांच्या रिम स्टीलच्या, चकचकीत क्रोमच्या असतात आणि त्या ओल्या झाल्या की रबरी ब्रेक धरतच नाहीत, अक्षरशः घसरत पुढे जातो माणूस. जून-जुलैत, हायवेला, ग्रुपमध्ये? नको. नोव्हेंबरात न्या कुठेतरी.

फॅटबाईक नको, फार जड पडते. इलेक्ट्रिकची बॅटरी एवढं अंतर पुरत नाही आणि संपली की वीस-बावीस किलोचं धूड पायाने ओढायचं. फोल्डिंगवाले हौशी असतात, ते सांगून ऐकणार नाहीत.

घरात काहीच नसेल तर आधी भाड्याने घ्या किंवा मित्राची मागा, पण ती किमान चार-पाच आठवडे आधी हातात पाहिजे आणि तुमच्या मापाची पाहिजे. आदल्या दिवशी भाड्याने आणलेली सायकल म्हणजे पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे इथपासून सुरुवात. हसू नका, हे खरंच तपासा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा, पण काहींना उलटा असतो.

विकतच घ्यायची ठरली तर बजेट पूर्ण सायकलवर उडवू नका. हेल्मेट, पॅडवाली शॉर्ट, लाईट, पंप, दोन ट्यूब, टूल हे सगळं मिळून चांगलं पाच-सात हजाराचं बिल होतं आणि दुकानात ते कुणी आधी सांगत नाही.

पायरी २ : माप

साईजला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि नंतर सहा महिने पाठ धरून बसतात. उंची नाही, पायाची आतली लांबी महत्त्वाची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायात धरून वर सरकवा, सीटवर बसल्यासारखं टेकलं पाहिजे, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सायकलच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. रोड किंवा हायब्रिडला दांडा आणि तुमच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे पाहिजेत, एमटीबीला पाच किंवा जास्त. दांडा टेकत असेल तर सायकल मोठी आहे, दुकानदार काय म्हणतो ते सोडून द्या. "सीट खाली करून देतो साहेब" हे उत्तर नाहीये, कारण सीट खाली केली तरी हँडल लांबच राहतं. दोन साईजच्या मध्ये अडकला असाल तर मी लहान घ्या म्हणेन, लहान सायकल थोडी वाढवता येते, मोठी कमी करता येत नाही.

पायरी ३ : सीट, आणि परत एकदा सीट

या पायरीवर घाई करू नका. वारीत मध्येच टेम्पोत बसलेल्यांना विचारा, दम लागला म्हणून बसलेले थोडे सापडतील. गुडघा, बूड आणि हाताला आलेल्या मुंग्या, याच्यामुळे बसलेले जास्त.

उंचीपासून सुरू करा. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, पेडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता नेहमीसारखा चवडा ठेवून पेडल मारा, गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहील, हीच उंची. आकड्यात हवी असेल तर मघाचं माप गुणिले ०.८८३, येईल ते दोन्ही पेडलचे दांडे ज्याच्यावर फिरतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या वरपर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजायचं. माप ८० सेंटिमीटर असेल तर साधारण ७०.६. अगदी मिलिमीटरला मारामारी नको, टाचेची पद्धत आणि हा आकडा जवळपास आले की झालं.

नवीन माणूस इथे हमखास घाबरतो, कारण या उंचीवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. टेकायचेच नसतात! थांबताना सीटवरून पुढे उतरून दांड्यावर उभं राहायचं आणि एक पाय खाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस वेळा करून बघा, जमतं. भीतीपोटी सीट चार बोटं खाली ठेवून दोनशे किलोमीटर मारले तर गुडघ्याच्या वाटीला पुढच्या बाजूने कळ लागणार म्हणजे लागणार. उलट गुडघ्याच्या मागे ओढल्यासारखं होत असेल किंवा मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी हलताना दिसत असेल तर सीट जास्त वर गेलीय. एका वेळी पाच मिलिमीटर, मग एक राईड, मग परत बघायचं. आणि सीटपोस्टवर किमान आत राहण्याची जी रेघ असते ती बाहेर दिसायला नको, दिसली तर एकतर सायकल लहान आहे नाहीतर पोस्ट लांब घ्या.

सीट सपाट ठेवा, फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप वर ठेवून बघा. नाक खाली झुकवलं की बुडाला बरं वाटतं पण सगळं वजन हातावर येतं आणि मग भिगवण येईपर्यंत करंगळ्या बधीर. मागेपुढे करायचं असेल तर दोन्ही पेडल आडवी करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरी सोडा, ती पेडलच्या एक्सलच्या आसपास पडली की ठीक.

आता तो प्रसिद्ध जेलचा गुबगुबीत कव्हर. नका घेऊ. पहिले दहा किलोमीटर मस्त वाटतं, नंतर तो गोळा होऊन भलत्याच ठिकाणी दाबायला लागतो आणि पावसात स्पंजसारखं पाणी धरतो. त्यापेक्षा पॅडवाली शॉर्ट घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हो, काहीच नाही, शिवण घासून सोलवटून निघतं म्हणून. लाज वाटत असेल तर वरून ढगळ बर्म्युडा घाला. तरी दुखत असेल तर सीटची रुंदी तुमच्या बैठकीच्या हाडांना जुळत नाहीये असं समजा, आणि बायकांना बऱ्याचदा रुंद सीट लागते, दुकानातली सायकल मात्र पुरुषांच्या हिशोबाने आलेली असते, तेव्हा बदलून मागा.

हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे कानापासून लांब पाहिजेत. लांब वाटत असेल तर स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) छोटा टाकता येतो, खाली वाटत असेल तर बऱ्याच स्टेम उलट्या करून बसवता येतात. ब्रेकचा खटका मनगट न वाकवता बोटाखाली आला पाहिजे, ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी खटक्याजवळचा छोटा स्क्रू फिरवून तो जवळ घ्या. हा स्क्रू असतो हे अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.

सगळं जमलं की सीटपोस्टवर इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून उंचीची खूण करून ठेवा. टेम्पोत चढवताना कुणीतरी सीट खाली करतंच.

पायरी ४ : टायर, हवा, ब्रेक (तीन-चार आठवडे आधी)

टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर बदला, नक्षी कितीही नवी दिसू दे. गॅलरीत उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलींचं हे नेहमीचं दुखणं.

हवा अंगठ्याने दाबून बघायची नाही. गेजवाला फ्लोअर पंप घ्या किंवा ग्रुपमध्ये चार जणांत मिळून एक घ्या. टायरच्या बाजूला किमान-कमाल छापलेलं असतं, त्याच्या आत राहायचं. सत्तर किलोच्या माणसाला साधारण अंदाज सांगतो: ७०० बाय २८ ला ८० च्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, गेजवर असतं), ३५ ला ५५-६०, एमटीबीच्या दोन इंची टायरला ३५-४०. वजन जास्त तर थोडी जास्त, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जरा जास्त, आणि रोड ओला असेल तर पाच-सात पीएसआय कमी, पकड बरी मिळते. टायर दगडासारखा फुगवला की सायकल पळते हा गैरसमज आहे, खडबडीत रोडवर ती फक्त उड्या मारते.

व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघा. जाड, मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर पण हवा भरता येते, फक्त मशीनवर लक्ष ठेवा, एका झटक्यात फाडकन फुटते ट्यूब. बारीक, लांब, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा असेल तर हायवेच्या पंक्चरवाल्याकडे त्याचं तोंड नसतं. पितळी अडॅप्टर वीस-पन्नास रुपयाला मिळतो, तो आत्ताच व्हॉल्व्हवर फिरवून ठेवून द्या किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवा.

सोलापूर रोडचं पंक्चर म्हणजे बहुतेक वेळा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार. कडेच्या पट्ट्यात त्या पडलेल्या असतात आणि आपण नेमके तिथूनच जातो. तार टायरमध्ये रुतून बसते, दिसत नाही, तुम्ही नवीन ट्यूब टाकता आणि अर्ध्या किलोमीटरवर परत फुस्स. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट अलगद फिरवायचं (अलगद म्हणतोय, बोटात जाते), तार सापडली की चिमट्याने काढायची, मगच ट्यूब. चहाला, फोटोला सायकल झाडाखाली घेऊन गेलात तर आधी वर बघा, बाभूळ असेल तर उचलून न्या.

ब्रेक. साध्या रबरी ब्रेकच्या पॅडवर खाचा असतात, त्या पुसट झाल्या की पॅड बदला, नवा जोड शे-दोनशेत येतो. पॅड रिमला लागला पाहिजे, टायरला नाही, टायर कापतो तो. डिस्क असेल तर पॅडचा मसाला एक मिलिमीटरच्या खाली गेला की बदला, आणि काहीही झालं तरी डिस्कवर तेल उडू देऊ नका. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडतं आणि मग तो ब्रेक फक्त किंचाळतो, थांबवत नाही. केबल तुटायला आलेली, गंजलेली असेल तर वायर आणि कव्हर दोन्ही नवीन घाला. दोन्ही ब्रेक एकदम घट्ट दाबून सायकल पुढे ढकला, चाक हललं नाही पाहिजे आणि खटका हँडलला टेकला नाही पाहिजे.

पायरी ५ : गियर, चेन आणि दुकानात काय सांगायचं

चेनवर स्टीलची पट्टी ठेवा. एका पिनच्या मध्यापासून चोवीस पिना पुढे मोजलं की नव्या चेनचं अंतर बरोबर बारा इंच येतं. बारा इंचाच्या वर एक सोळांश इंच सरकलं असेल तर चेन बदलायची वेळ झालीय, एक अष्टमांश सरकलं असेल तर ती मागचे दातेपण खाऊन बसलीय आणि खर्च वाढला. पण नवीन चेन राईडच्या आधीच्या आठवड्यात टाकू नका, जुन्या दात्यांवर ती कधीकधी उडते, हे आधी कळलेलं बरं.

तेल म्हणजे चेनचंच तेल. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, खोबरेल नाही, इंजिन ऑईल तर धूळ गोळा करून काळं रबडं करतं. पावसाळ्यात वेट ल्यूब घ्या, प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून घ्या. तेल आत पाहिजे.

गियर खटखट करत असतील तर डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल नट पाव-पाव फेरा फिरवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. चेन सगळ्यात मोठ्या दात्यावरून ओलांडून तारांमध्ये जात असेल तर मात्र लिमिट स्क्रूचं काम आहे, यूट्यूब बघून पहिल्यांदाच करणार असाल तर निदान महिनाभर आधी करा, आदल्या रात्री अकराला नको.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "सर्व्हिसिंग करून द्या" म्हणू नका, तो धुऊन, तेल मारून देईल. सांगायचं असं: दोन्ही चाकांचा आऊट (फिरताना डावी-उजवी लहरणं) काढा, सैल तारा बघा, हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेटला (हँडल फिरतं तो सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघा, दोन्ही पेडलच्या मधला एक्सल हलवून बघा, छर्रे-ग्रीस बघा, केबल बदला. आणि परत आणल्यावर तुमच्या सीटची उंची बदललीय का ते बघा.

पायरी ६ : ग्रुपसाठी वेगळं काय

हा भाग एकट्याने फिरणाऱ्यांना पण नवीन वाटतो. तुमच्या सायकलवर जे जे हलतं, लोंबतं, सुटू शकतं ते सगळं मागच्याच्या चाकाखाली जाणार आहे. हँडलला अडकवलेली पिशवी, कॅरियरवरचा लोंबणारा बंजी, अर्धवट अडकणारा साईड स्टँड, सैल बाटली, बांधलेला भगवा झेंडा. झेंडा लावा, वारी आहे, पण काठी बारीक, उंच आणि सायकलच्या रेषेत पाहिजे, आडवी बाहेर आलेली नको. सगळं लावून झालं की सायकल जमिनीपासून चार बोटं उचलून सोडा. जे खडखडतं ते आवळा.

मागचं मडगार्ड लावाच. ग्रुपमध्ये ते तुमच्यासाठी नसतंच मुळी, मागच्याच्या तोंडावर चिखलाचा फवारा जाऊ नये म्हणून असतं. सीटखाली अडकवायची छोटी पट्टी तुमची चड्डी वाचवते, मागच्याचं तोंड नाही. लांब मडगार्ड मिळत नसेल तर बिसलरीच्या बाटलीचा तुकडा कापून झिपटायने खाली वाढवा, दिसायला कसंही दिसू दे.

मागचा लाल लाईट ग्रुपमध्ये स्थिर ठेवा, ब्लिंकवर नको, आणि तोंड जरासं खाली. पहाटे साडेचार-पाचला निघून समोरच्याच्या भगभगणाऱ्या लाईटकडे दोन तास बघत जाणाऱ्याची अवस्था काय होते ते मागे राहिल्यावर कळेल. आडवाटेला एकटे पडलात तर मग लावा ब्लिंकवर. पुढचा पांढरा लाईट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही असा.

हँडलवर कोपरं टेकवायचे एरोबार असतील तर काढून ठेवा, हात ब्रेकपासून लांब जातात. क्लीटवाले, म्हणजे पेडलला अडकणारे बूट पहिल्यांदा वारीत घालायचे नाहीत. इअरफोन घरी. घंटी पाहिजे, आणि घंटीपेक्षा तोंड पाहिजे: "माउली, उजवीकडून!" म्हणून ओरडलं की माणूस न दचकता बाजूला होतो, "खड्डा", "ब्रेकर", "गाडी मागून" हे पुढून आलं की तुम्ही पण मागे ओरडून द्या. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला तुमचं पुढचं चाक घुसवू नका, तो जरा सरकला की पडता तुम्ही. थांबायचं झालं तर हात वर, तोंडाने सांगून, पूर्ण डांबराच्या खाली उतरून.

सोबत काय

सीटखालच्या छोट्या पाऊचमध्ये: आपल्याच मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर, मल्टीटूल, पॅच आणि सोल्युशन, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चार-पाच झिपटाय, आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा, टायर चिरला तर आतून लावायला. पंप फ्रेमला. "सपोर्ट गाडी आहे ना" म्हणून हे सगळं टाळणारे असतात, पण गाडी एक आणि सायकली दोनशे, ती तुमच्यापर्यंत कधी येईल सांगता येत नाही आणि तिच्यात तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. ट्यूब बदलायची प्रॅक्टिस घरी करा, मागचं चाक काढून, चेनसकट. पहिल्यांदा तास जातो, तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं.

पाठीवर सॅक नको. घाम, खांदेदुखी आणि सीटवरचं वजन, तिन्ही वाढतं. कपडे सपोर्ट गाडीत नाहीतर कॅरियरला बांधून. बाटल्या दोन, एकात साधं पाणी, एकात मीठ-साखर-लिंबू किंवा इलेक्ट्रालची पुडी. खिशात चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी वाटेत मिळतात. आणि भिगवणला चिलापी माशाची ताटं बघून मोह होतो मान्य आहे, पण वारीला निघालाय, आणि तिखट रस्सा पोटात घेऊन पुढचे शंभर किलोमीटर जायचंय, दोन्ही कारणांनी जाऊ दे.

तालीम

राईडच्या दोन-तीन आठवडे आधी एक ऐंशी ते शंभर किलोमीटरची राईड याच सायकलवर, याच शॉर्टवर, याच बाटल्या आणि पाऊच लावून करा. पुण्यातनं यवतपर्यंत जाऊन परत आलात तर तोच रोड पण कळतो. शक्यतो दोन-चार जणांबरोबर, म्हणजे कुणाच्या मागे ठरावीक अंतर ठेवून चालवायची सवय होते. पाऊस आला तर घरी पळू नका, ओला ब्रेक किती उशिरा धरतो ते याच दिवशी कळलेलं बरं. घरी आल्यावर कुठे दुखलं ते लिहा, पायरी ३ वर परत जा. यानंतर सायकलवर नवीन काहीही चढवायचं नाही. सेल लागू दे, मित्र नवीन सीट फुकट देऊ दे.

आदली रात्र आणि सकाळ

रात्री हवा भरा, लाईट चार्जिंगला, बाटल्या भरून फ्रीजमध्ये, पाऊच सायकललाच अडकवून. सकाळी हवा परत गेजवर बघा, रात्रीत उतरली असेल तर ट्यूब बारीक पंक्चर आहे, तिथेच बदला, "चालेल तोपर्यंत" नको. चाकाचा क्विक रिलीज बघा, खटका बंद करताना तळहातावर वळ उठेल एवढा जोर लागला पाहिजे. ब्रेक दाबा, चेन उलटी फिरवून बघा, हँडल चाकाच्या काटकोनात आहे का बघा. दोन मिनिटांचं काम, पण स्टार्टला ढोल-ताशा, फोटो आणि "बोला पुंडलिक वरदे" मध्ये राहून जातं, म्हणून घरूनच करून निघा.

सुरुवातीला हडपसर ओलांडेपर्यंत ट्रॅफिक, सिग्नल आणि सगळ्यांचा उत्साह. तिथे कुणाच्या मागे लागू नका. दोन तासांनी एक गियर हलका करा, पाय भराभर फिरू द्या, मिनिटाला ऐंशीच्या आसपास, जड गियर दाबत बसलात तर इंदापूरनंतर मांड्या हिशोब मागतात. टेंभुर्णीला हायवे सुटला की रोड बदलतो, अरुंद होतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि एसट्या जवळून जातात, एका रांगेत या.

परत येताना

बहुतेक ग्रुप सायकली टेम्पोत घालून परत आणतात, आणि सायकलींचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्वतः उभं राहून चढवा. लाईट, बाटल्या, सायकल कॉम्प्युटर काढून घ्या. गियरची बाजू वर किंवा बाहेर, दुसऱ्या सायकलच्या पेडलला टेकलेली नको, दोन सायकलींच्या मध्ये पुठ्ठा किंवा जुनी चादर, आणि डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा, म्हणजे चुकून खटका दाबला तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. नाव आणि नंबरचं लेबल दांड्याला. पुण्यात उतरवताना अंधार असतो, सगळे दमलेले असतात आणि एकाच रंगाच्या वीस हायब्रिड असतात.

घरी आल्यावर झोपा, पण दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने सायकल धुवा, प्रेशरचा पाईप हबवर मारू नका, कोरडी करा, चेनला तेल. पावसात भिजलेली चेन तशीच ठेवली तर दोन दिवसात तांबडी होते आणि मग ती परत टॉवेल वाळत घालायच्या कामाला लागते.